सोयाबीनच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप टिकवायचा कसा? लाईट, ऊन, धूळ आणि बॅटरीची सविस्तर माहिती

तालुक्याच्या ठिकाणी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसलं की दोन प्रकारची गिऱ्हाइकं हमखास दिसतात. एक म्हणजे पोरीच्या इंजिनिअरिंगसाठी सोयाबीन नाहीतर तूर विकून लॅपटॉप घेतलेला बाप. दुसरा म्हणजे गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा तरुण, ज्याच्या दारात दाखल्यासाठी माणसं खोळंबलेली असतात. दोघांचं म्हणणं जवळपास सारखंच असतं, "रात्री चांगला चालू होता हो, सकाळी चालूच होईना."

क्विंटलला साडेचार हजार भाव धरला तर चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे जवळपास नऊ क्विंटल सोयाबीन. चांगल्या वर्षातलं एका एकराचं पीक. शहरातल्या ऑफिसात असं मशीन पाच-सहा वर्षं सहज चालतं. गावात पुष्कळदा वॉरंटी संपते ना संपते तोच ते दुकानात येऊन पडतं. मशीन तेच असतं, पण इथली लाईट, ऊन आणि धूळ निराळी असते. खोक्यात मिळणाऱ्या पुस्तिकेत गावठाण फीडर, पत्र्याचं घर, मळणीचा भुसा यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून नवा लॅपटॉप घेतलेल्यांसाठी आणि जुना अजून चालवायचाय त्यांच्यासाठी ही माहिती.

व्होल्टेज वाढलं की धोका

व्होल्टेज पडलं की पाण्याची मोटार जळते, हे शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे लाईट मंद झाली की लॅपटॉपचा चार्जरही घाईने काढला जातो. खरं तर लॅपटॉपचं गणित मोटारीच्या उलटं आहे. चार्जरच्या काळ्या डबीवर बारीक अक्षरात 'इनपुट १००-२४० व्होल्ट' असं छापलेलं असतं. म्हणजे घरात १६० व्होल्ट येत असलं, पंखा रेंगाळत असला, तरी चार्जरचं काही बिघडत नाही. त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही.

धोका आहे तो वरच्या बाजूला. घरात २३० व्होल्ट यायला पाहिजे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली, सैल झाली, तर सिंगल फेजच्या घरात हेच व्होल्टेज वाढत वाढत ४०० च्या घरात जाऊ शकतं. ज्या गल्लीत एका रात्रीत दहा घरांचे टीव्ही, पंखे, चार्जर गेले, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. याची खूण सोपी आहे. बल्ब एकाएकी लख्ख पेटतो, पंखा सुसाट फिरायला लागतो, आणि शेजाऱ्याकडे मात्र दिवा मिणमिणता असतो. असं दिसलं की आधी मेन स्विच पाडायचा, मग बाकीचं. त्यानंतर लाईनमनला फोन, नाहीतर १९१२ या नंबरवर तक्रार.

बाजारात 'स्पाईक गार्ड' म्हणून मिळणारा बोर्ड लाईट येता-जाता बसणारा क्षणभराचा झटका अंगावर घेतो. न्यूट्रल तुटून दहा मिनिटं ४०० व्होल्ट येत राहिलं तर तो स्वतः जळतो आणि पुढचंही वाचेलच असं नाही. शिवाय आठवडी बाजारात मिळणारा साधा एक्स्टेंशन बोर्ड म्हणजे स्पाईक गार्ड नव्हे, त्यावर लाल दिवा असला तरी. पक्का उपाय म्हणजे मीटरनंतरच्या मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेणं. ठरलेल्या मर्यादेपुढे व्होल्टेज गेलं की तो घराची लाईट तोडतो आणि ठीक झालं की परत जोडतो. मोटारीला स्टार्टर आणि प्रिव्हेंटर लावताना कुणी खळखळ करत नाही, घराच्या बोर्डाला मात्र शंभर रुपयेही जड वाटतात. प्रोटेक्टरने लॅपटॉपच काय, फ्रिज आणि टीव्हीही वाचतो.

लाईट गेली तर प्लग काढून ठेवायचा. आल्या आल्या लगेच लावायचा नाही, पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. लाईट परत येताना दोन-तीनदा ये-जा करते, तेव्हाचा झटका सगळ्यात वाईट. लॅपटॉपमध्ये बॅटरी असल्याने तेवढा वेळ काम अडत नाही.

शेतातल्या घरात काही जण मोटारीच्या लाईनवरूनच सिंगल फेज ओढून लॅपटॉप लावतात. ते टाळलेलंच बरं. एकाच डीपीवरच्या मोटारी चालू-बंद होताना तिथलं व्होल्टेज कसंही नाचतं. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवायला हरकत नाही. साध्या इन्व्हर्टरवर चार्जर गुणगुणतो, साइन वेव्हचा असेल तर जास्त चांगलं.

अंगाला झिणझिण्या का येतात?

लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या पत्र्याच्या अंगावर हात ठेवला की झिणझिण्या येतात, ही तक्रार गावोगाव आहे. तीन पिनांच्या चार्जरमधली वरची जाड पिन अर्थिंगची असते. घराला अर्थिंग नसेल, किंवा बोर्डात बसत नाही म्हणून कुणी ती पिन तोडली असेल, तर चार्जरमधला थोडासा करंट जमिनीत जायच्या ऐवजी लॅपटॉपच्या अंगावर राहतो. त्याने माणूस दगावत नाही, पण इथे संरक्षण नाही याची ती खूण आहे. स्पाईक गार्डही अर्थिंग नसेल तर अर्धंच काम करतो.

पुष्कळ घरांत अर्थिंगचा खड्डा घर बांधताना कोळसा-मीठ घालून केलेला असतो आणि नंतर कुणी त्याच्याकडे बघितलेलं नसतं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तो निकामी होतो. दर चार-आठ दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओतलं तरी फरक पडतो. तार गंजून तुटली नाही ना, हे वायरमनकडून बघून घ्यावं.

वळवाच्या पावसात, एप्रिल-मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरच्या आसपास, विजांचा धोका मोठा असतो. जवळ वीज पडली तर कुठलाही स्पाईक गार्ड टिकत नाही. ढग गडगडायला लागले की चार्जर भिंतीतून ओढून काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. राऊटरची लॅपटॉपला जोडलेली तारही काढायची, कारण झटका तिच्यातूनही येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये असलं तर आसपास वीज पडण्याचा इशारा आधी कळतो. शेतात काम करणाऱ्यांनी ते जिवासाठी म्हणून ठेवावंच, लॅपटॉप त्यानंतर.

बॅटरीबद्दलचे गैरसमज

नवा लॅपटॉप घरी आणला की पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, असं सांगणारे अजून भेटतात. हे जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचं शास्त्र होतं. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण उतरवणं उलट बाधतं. साधारण वीस टक्क्यांवर आली की लावावी आणि ऐंशीच्या पुढे फार ताणू नये, हा तिच्या आयुष्याचा सोपा हिशोब आहे.

बॅटरीचं आयुष्य फेऱ्यांमध्ये मोजतात. शंभर टक्के वापरून परत शंभर टक्के भरली की एक फेरी. दोन वेळा अर्धी-अर्धी वापरली तरी एकच फेरी धरतात. साध्या लॅपटॉपची बॅटरी अशा तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. त्यानंतर ती बंद पडते असं नाही, पण आधी चार तास चालायची ती तीन, मग दोन तास, अशी घटत जाते.

सेवा केंद्रातल्या लॅपटॉपचं दुखणं निराळं आहे. तो सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत चार्जरलाच असतो. बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि वरून गरम, या दोन्ही गोष्टी मिळून तिला फेऱ्या न होताच म्हातारी करतात. त्यावर कंपन्यांनीच सोय दिलेली आहे. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये 'कन्झर्वेशन मोड', असूसच्या मायअसूसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', आणि एसर, डेल, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये अशीच सेटिंग असते. ती चालू केली की बॅटरी ऐंशीच्या आसपास थांबते आणि लॅपटॉप चार्जरवर चालत राहतो.

आता ज्या गावात दिवसातून चार-पाच तास लाईट जाते, तिथल्या माणसाने ऐंशीवर थांबून काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. त्याने शंभर टक्के भरावी. बॅटरी वापरण्यासाठीच असते, तिला जपता जपता काम अडवून घेण्यात अर्थ नाही. महिनाभर लॅपटॉप लागणार नसेल, तर तो पन्नास टक्क्यांच्या आसपास चार्ज असताना बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावा. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच दोन-तीन महिने पडली तर ती परत चार्ज घेईलच याचा भरवसा नसतो.

बॅटरी किती शिल्लक आहे हे दुकानदाराच्या तोंडून ऐकायची गरज नाही. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून त्यात इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाईप करून एंटर दाबलं की एक फाईल तयार होते. ती कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. त्यात 'डिझाईन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची ताकद आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची ताकद. जुना लॅपटॉप विकत घेताना हे दोन आकडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

टचपॅड वर उचललेलं दिसलं, झाकण नीट बसेना झालं, खालच्या अंगाला फट पडली, तर बॅटरी फुगलेली असू शकते. त्या क्षणी वापर बंद. दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायचं नाही. भोक पडलं तर ती पेट घेते. कारागिराकडून बॅटरी काढून घेईपर्यंत लॅपटॉप चार्जरला लावू नये आणि गादी, कडबा, कागद यांच्याजवळ ठेवू नये.

गोधडीवर नको, पाटावर ठेवा

बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात लॅपटॉप वापरा असं सांगतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याखाली त्याहून वर. अशा वेळी लॅपटॉप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. पंखा घरघरतो, माऊस अडकतो, आणि घरातली माणसं म्हणतात 'हँग झाला, फॉरमॅट मारून आणा.' दुकानात संध्याकाळच्या गारव्यात तो झकास चालतो, फॉरमॅटचे पैसे मात्र जातात. उन्हाळ्यात जड काम सकाळी नऊच्या आत उरकून घ्यावं.

हवा आत घेण्याची भोकं बहुतेक लॅपटॉपना खालून असतात. गादी, गोधडी, उशी, मांडी यांवर ठेवला की ती बुजतात. घरातला जेवायचा लाकडी पाट यासाठी अगदी बेस्ट. त्याच्यावर ठेवून मागच्या दोन टोकांना दोन बाटल्यांची झाकणं लावली की खालून वारा खेळतो. चार्जरची डबीही अंथरुणात दडपून ठेवू नये, ती उघड्या फरशीवर असू द्यावी.

कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसणं हा उन्हाळ्यातला नेहमीचा प्रकार. कूलरची हवा ओली असते, कधी कधी बारीक तुषारही येतात. बाजूला बसलेलं बरं. गाडीत, उन्हात, सीटवर लॅपटॉप सोडून लग्नाला जाणाऱ्यांनी तर बॅटरीची आशाच सोडावी.

धुळीचं म्हणाल तर गावात तिचे प्रकारच निराळे. मळणीच्या दिवसांत भुसा, वेचणीच्या दिवसांत कापसाचं तूस, गिरणीजवळच्या घरात पीठ आणि चुलीच्या घरात धूर. यातला धूर सगळ्यात चिवट. त्याची तेलकट काजळी पंख्याच्या पात्यांवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते. काम झालं की लॅपटॉप बंद करून त्याच्यावर सुती कापड टाकावं. चालू असताना मात्र झाकू नये.

महिन्यातून एकदा लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रशने भोकं आणि कीबोर्ड झाडावा. स्क्रीनला चष्म्याचं कापड, अगदीच डाग असेल तर ते किंचित ओलं करून. पाणी कापडावर घ्यायचं, स्क्रीनवर शिंपडायचं नाही. काच पुसायचे स्प्रे, टॉवेल, धोतराचा सोगा यांनी स्क्रीनवरचा थर जातो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नळीने धूळ उडवणारे बहाद्दर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि जोर इतका की पंखा उलटा-सुलटा फिरून त्याचं बेअरिंग जातं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर मळणी उरकली की, कारागिराकडून खोलून साफ करून घ्यावा. लॅपटॉप तीन वर्षांपेक्षा जुना असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलायला सांगावी, ती वाळून जाते.

मुंग्या, पाखरं आणि लक्ष्मीपूजन

पावसाळ्यात संध्याकाळी स्क्रीनच्या उजेडाला पाखरं येतात. ती कीबोर्डवर पडतात आणि झाकण मिटलं की स्क्रीनवर चिरडतात. झाकण मिटण्याआधी एक फुंकर, एवढाच उपाय. चिवडा, भजी, गुळाचा चहा लॅपटॉपजवळ खाल्ला-प्याला की मुंग्या, झुरळं आत शिरतात. आत ऊब असते, त्यांना ती मानवते. मग कुणीतरी झुरळाचा फवारा थेट भोकात मारतं आणि बोर्डच जातो. उंदीर चार्जरची वायर कुरतडतो, त्यामुळे रात्री ती जमिनीवर सोडू नये. कुरतडलेल्या वायरला टेप मारून चालवण्यापेक्षा वायर बदलावी. भिंतीपासून डबीपर्यंतची वायर वेगळी मिळते आणि स्वस्त असते.

दसरा आणि लक्ष्मीपूजनाला ट्रॅक्टर, मोटार, वहीसोबत आता लॅपटॉपचीही पूजा होते. पूजा जरूर करावी, पण उघड्या कीबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं की ते बटणांखाली जातं आणि निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे अक्षता. तांदळाचा एक दाणा कीबोर्डवर राहिला आणि झाकण दाबून मिटलं, की स्क्रीन आतून तडकते. नव्या स्क्रीनला काही हजार रुपये लागतात. झाकण मिटून त्याच्या पाठीवर गंध लावावं, फूल ठेवावं, निरांजन लांबून ओवाळावं. पेन, पेनड्राईव्ह, इअरफोन कीबोर्डवर विसरून झाकण मिटलं तरी स्क्रीनचं तेच होतं.

झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नये, मधोमध धरावं. एका बाजूने ओढत राहिलं की बिजागरी आधी कडक होते आणि मग प्लास्टिकसकट उखडते.

चहा सांडला तर

पहिल्या अर्ध्या मिनिटात काय केलं यावर सगळं ठरतं. आधी चार्जर भिंतीतून काढायचा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे लॅपटॉप बंद होतो. फाईल सेव्ह करायची राहिली तर राहू द्या. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढायची. मग लॅपटॉप उघडून, कीबोर्ड खाली येईल असा, पालीसारखा (तंबू ठोकतात तशी ती पाल) उभा ठेवायचा, म्हणजे पाणी आलं तसं परत जातं. 'चालतोय का बघू' म्हणून चालू करून बघितला की खेळ संपला. ओल्या बोर्डात करंट सोडला की तो जळतो.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही होत नाही, उलट पिठी आत जाते. उन्हात तापवूही नये. साधं पाणी असलं तरी आणि चहा असेल तर लगेचच, त्याच दिवशी कारागिराकडे न्यावा. साखर वाळून चिकटली की आठ-पंधरा दिवसांनी बोर्ड गंजून बंद पडतो आणि तोवर माणूस विसरलेला असतो.

मोटारसायकलवर नेताना लॅपटॉप पूर्ण 'शटडाऊन' करूनच पिशवीत घालावा. नुसतं झाकण मिटलं तर तो झोपेत असतो, मधेच जागा होतो आणि बंद पिशवीत तापतो. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चालू असताना खड्ड्यातला एक दणकाही तिला पुरतो. पिशवी पाठीवर असावी, टाकीवर किंवा पायाशी नको. पावसाळ्यात जाड पॉलिथिनची पिशवी आत ठेवलेली बरी.

हळू झाला म्हणजे म्हातारा झाला असं नाही

चार-पाच वर्षांचा लॅपटॉप उघडायला दहा मिनिटं घेतो म्हणून नवा घ्यायचा विचार होतो. त्यात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवून बघावी. ज्या कामाला दहा मिनिटं लागत होती ते मिनिटाच्या आत होतं. रॅम चार जीबी असेल आणि वाढवायची सोय असेल तर आठ करावी. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा आहे आणि जुन्या लॅपटॉपवर केलेल्या खर्चात सगळ्यात जास्त फळ देणारा हाच.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. लॅपटॉप बंद पडत नाही, पण नव्या व्हायरसपुढे तो उघडा पडतो. चालत असेल तर विंडोज ११ टाकून घ्यावं. ज्या जुन्या लॅपटॉपवर ते चालत नाही, तिथे फक्त अभ्यास, व्हिडिओ, लिखाण एवढंच करायचं असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट आहे आणि हलकंही. सेवा केंद्रवाल्यांनी मात्र आपलं अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालतं का, हे आधी बघावं.

दुकानदार फुकटात टाकून देतो ते 'क्रॅक' सॉफ्टवेअर पुष्कळदा व्हायरस घेऊन येतं. विंडोजमध्ये 'डिफेंडर' आधीच असतो, तो बंद न करता ठेवला तर घरगुती वापराला पुरतो. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह लावून आणला की आधी स्कॅन करावा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की समजावं, काहीतरी घेऊन आला. स्क्रीनवर भोंगा वाजून 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करू नये, कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क टाकू नये. खिडकी बंद होत नसेल तर लॅपटॉपच बंद करून परत चालू करावा. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब कळवावं.

आणि मशीनपेक्षा आतलं जास्त मोलाचं असतं. चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट, सीईटीचे कागद, लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन. बोर्ड नवा मिळतो, हे मिळत नाही. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कमध्ये आणि एक गुगल ड्राईव्हवर, जिथे १५ जीबीपर्यंत पैसे लागत नाहीत. बाहेरची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायची. कायम लॅपटॉपलाच लावलेली असेल तर विजेचा झटका दोघांनाही एकदमच लागतो. दुरुस्तीला देण्याआधीही प्रत काढावी, कारण 'फॉरमॅट करू का' या प्रश्नाला घाईत 'हो' म्हणून टाकणारे खूप आहेत.

चार्जर, बिल आणि भंगार

चार्जर गेला तर दुसरा घेताना 'आउटपुट'चे आकडे जुळवावेत. व्होल्ट तंतोतंत तेच पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नकोत. पिन बसली म्हणजे चार्जर जमला असं होत नाही. डबीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दोनशे रुपये वाचवायला घेतलेल्या बिननंबरी चार्जरने चाळीस हजारांचा बोर्ड घालवला, ही गोष्ट दुरुस्तीवाल्यांना नवी नाही.

जीएसटीचं पक्कं बिल आणि मागच्या बाजूचा सिरीयल नंबर, दोन्हींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. खालचं लेबल घासून जातं आणि बिलाची शाई वर्षभरात उडते. वॉरंटी बहुतेक वेळा एक वर्षाची असते, पाणी सांडलेलं आणि पडून फुटलेलं तिच्यात बसत नाही. वॉरंटीच्या काळात बाहेरच्या माणसाकडून खोलून घेऊ नये. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

लॅपटॉप विकताना किंवा भंगारात देताना त्यातली डिस्क विसरली जाते. सेवा केंद्राच्या जुन्या लॅपटॉपमध्ये अख्ख्या गावाचे आधार, बँक पासबुक आणि सात-बाराच्या प्रती पडून असतात. नुसतं डिलीट केल्याने त्या जात नाहीत. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रिकव्हरी'त जाऊन 'रिसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि पुढे 'क्लीन डेटा' निवडावं. याला वेळ लागतो, त्यामुळे चार्जर लावून रात्रभर राहू द्यावं. लॅपटॉप चालूच होत नसेल तर कारागिराकडून डिस्क काढून घेऊन घरी ठेवावी आणि बाकीचा सांगाडा, बॅटरी वेगळी सांगून, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.